फेरीवाल्याच्या कानात बाळ्या होत्या का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' त्या बीएच्या वर्गाला शिकवताहेत. 'परक्या माणसाविषयी गावाचा पूर्वग्रह' यावर परीक्षेत प्रश्न येतो आणि सगळा वर्ग एकच उत्तर लिहितो: गावकरी अडाणी होते, अंधश्रद्धाळू होते, मग सायलसला एक अनाथ पोर सापडली आणि प्रेमाने त्याने गावाचं मन जिंकलं. मुलांना याच्या पुढे कसं न्यायचं, असं त्या विचारतात. शेवटी जरा अवघडून लिहितात, की वर्गात दोन-तीन मुलं पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतली, आहेत. त्यांच्यासमोर हा विषय उघड काढावा की नाही, तेच कळत नाही.

मॅडम, ही कादंबरी मी वऱ्हाडातल्या कॉलेजात शिकवत म्हातारा झालो, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. त्या पोरीला, एप्पीला, सध्या बाजूला ठेवा. सोनेरी केसांचं लेकरू बर्फातून लुटुलुटु चालत येतं आणि सायलसच्या चुलीपुढे झोपी जातं, हे वाचताना कुणालाही गहिवरून येतं. ते शिकवावं लागत नाही. शिकवावा लागतो तो आठवा अध्याय, जो गाईडवाले चार ओळींत गुंडाळतात. पूर्वग्रह या कादंबरीत खरा कुठे बसला असेल तर तिथे: चकमकीच्या एका डबीत आणि एका फेरीवाल्याच्या कानात.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी गोष्ट आधी सांगून टाकतो. इंग्लंडातलं रॅव्हेलो नावाचं सुपीक, खाऊनपिऊन सुखी गाव. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुस्तक छापलं गेलं १८६१ साली. सायलस हा लिननचं कापड विणणारा विणकर. उत्तरेकडच्या एका शहरात, लँटर्न यार्ड नावाच्या कडक धर्मपंथात वाढलेला. तिथे जिवलग मित्रानेच त्याच्यावर चोरीचा आळ घातला, पंथाने खरंखोटं ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी याच्या विरोधात गेली. ठरलेलं लग्न मोडलं. तो तिथून उठला आणि रॅव्हेलोच्या शिवेवर, बंद पडलेल्या खदानीशेजारी एका घरात येऊन राहिला. पंधरा वर्षं माग चालवला आणि सोन्याची नाणी साठवली, बाकी कुणाशी घेणंदेणं नाही. एका रात्री ती नाणी चोरीला जातात. चोर असतो गावच्या मोठ्या जमीनदाराचा, स्क्वायर कॅसचा, दुसरा मुलगा डन्स्टन. तो त्याच रात्री खदानीत पडून मरतो आणि गावाला हे सोळा वर्षांनी, खदानीतलं पाणी उपसलं गेल्यावर कळतं.

पहिला अध्याय वर्गात नीट, सावकाश घ्या, कारण तिथे संशयाची पेरणी आहे. सायलसने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. पण तो कुठून आला हे कुणाला ठाऊक नाही, आणि ज्याचे आईबाप ओळखणारा एकही माणूस आपल्या ओळखीत नाही त्या माणसाचा अर्थ लावायचा कसा, असा रॅव्हेलोचा साधा हिशेब आहे. आपल्या मुलांना हा हिशेब पाठ असतो. एसटीत शेजारी बसलेला म्हातारा आधी विचारतो, "कोन्या गावचे?" आणि लगेच, "कोनाचे तुमी?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो पाय पसरून बसतो.

शिवाय सायलसला मूर्च्छा येते. शेतात बिळं करणारे मोल नावाचे प्राणी पकडणारा जेम रॉडनी एका संध्याकाळी त्याला बघतो: कुंपणाच्या पायरीला टेकून उभा, पाठीवर जड पोतं, डोळे मेल्यासारखे थिजलेले, हाक मारली तरी उत्तर नाही, आणि मग एकदम भानावर येऊन 'गुड नाइट' म्हणून चालू लागलेला. जेमचं लक्ष एका बारीक गोष्टीवर आहे: शहाणा माणूस पोतं त्या पायरीवर टेकवेल, पाठीवर कशाला ठेवेल? मला हा तपशील फार आवडतो. खेड्यातली नजर अशीच असते, कामाच्या पद्धतीवरून माणूस जोखणारी. ती नजर चुकीची नाही. पुढे त्यातून जो अर्थ निघतो, की याचा आत्मा शरीर सोडून हिंडून येतो, तिथे घोटाळा आहे.

मग चांभाराच्या बायकोचा, सॅली ओट्सचा प्रसंग. तिला हृदयाचा विकार, अंगावर सूज. सायलसला आपली आई आठवते, तिच्याकडून शिकलेली फॉक्सग्लोव्हची वनस्पती आठवते. तो औषध देतो आणि सॅलीला आराम पडतो. पंधरा वर्षांतलं त्याने गावासाठी आपणहून केलेलं हे एकच काम, आणि तेच त्याच्यावर उलटतं. बाया लेकरांच्या डांग्या खोकल्यावर मंतरलेलं काही मागायला येतात. मंत्र-तंत्र आपल्याला येत नाही असं तो खरं सांगून परत पाठवतो. तेव्हापासून कुणाचं काही बिनसलं की याने डोळा लावला असेल असं ठरतं. बरं करता येतं त्याला वाईटही करता येत असणार, हा तर्क आपल्या भागात अजून जिवंत आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तरी २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात म्हाताऱ्या माणसांना याच संशयावरून भर चौकात खांबांना बांधून मारलं गेलं. हे वर्गात सांगा, पण लांबवू नका. अंधश्रद्धेवर मुलं आपणहून भाषण करतात, अंधश्रद्धा नेहमी दुसऱ्याची असते, आणि तास तिथेच संपतो.

एक गोष्ट मात्र इथेच ठसवून ठेवा. एवढा संशय असून रॅव्हेलो सायलसला हाकलत नाही. शेजारच्या गावचा जुना विणकर मेलेला असतो आणि घरोघरच्या गृहिणींना कापड हवं असतं. म्हणजे माणूस नको, त्याचं काम हवं. विळ्याला धार लावायला, कुऱ्हाडीला पाणी द्यायला घिसाडी लागतोच, पण त्याचं पाल मात्र गोठाणाच्या पलीकडेच बरं. गावाला लागून तांडा, त्याच्या पुढे कोलामांचा पोड, आणि सगळ्यांपासून दूर, पांदणीच्या शेवटाला, बेडा. तुमच्या वर्गातल्या कुणालाही फळ्यावर आपल्या गावाचा नकाशा काढायला लावा. कोण किती अंतरावर राहतं ते तो न चुकता काढेल.

आता आठवा अध्याय.

चोरीच्या दुसऱ्या दिवशी खदानीजवळ चिखलात चकमकीची एक डबी सापडते. गावच्या गुत्त्याचा मालक स्नेल याला आठवतं की महिन्याभरापूर्वी एक फेरीवाला प्यायला थांबला होता आणि आपल्याजवळ चकमकीची डबी असते असं म्हणाला होता. हा धागा आहे, वाजवी धागा आहे. इथपर्यंत रॅव्हेलोचं काही चुकत नाही. पण आता स्नेलची आठवण वाढू लागते. त्या फेरीवाल्याची नजर चांगली नव्हती. तसा तो काही वावगं बोलला नव्हता, पण बोलण्यापेक्षा बोलण्याची तऱ्हा बघायची असते. आणि रंग सावळा, परदेशी. त्याचा अर्थ प्रामाणिकपणा कमीच.

मग पाद्री क्रॅकनथॉर्प विचारतात, "त्याच्या कानात बाळ्या होत्या का?"

हा प्रश्न वर्गात मोठ्याने वाचा आणि थांबा. विचारणारा गावातला सगळ्यांत शिकलेला माणूस आहे. परदेशी लोकांच्या चालीरीतींची आपल्याला थोडी माहिती आहे, या समजातून तो हे विचारतो. स्नेल बिचारा प्रामाणिक आहे. त्याला आठवत नाही, तसं तो सांगूही शकत नाही. तो म्हणतो, त्याच्या पेटीत विकायला बाळ्या होत्या, म्हणजे तो घालतही असेल. पण तो घरोघरी फिरला होता, कुणीतरी पाहिल्या असतील. झालं. पाद्रीसाहेबांना बाळ्यांचं विचारायचंय, असा निरोप गावभर जातो आणि यावर बरंच काही अवलंबून आहे अशी हवा पसरते. त्या माणसाच्या कानाकडे कुणीच नीट पाहिलेलं नसतं. 'बाळ्या नसलेला फेरीवाला' असं चित्र कुणाच्याच डोक्यात नसतं. त्यामुळे प्रश्न ऐकताक्षणी प्रत्येकाच्या डोक्यात बाळ्यांसकट फेरीवाला उभा राहतो, कुणाच्या लहान, कुणाच्या मोठ्या. काचकाम करणाऱ्याची बायको चंद्रकोरीच्या आकाराच्या मोठ्या बाळ्या पाहिल्याचं शपथेवर सांगायला तयार होते. चांभाराच्या पोरीला तर त्या पाहून अंगावर काटाच आलेला असतो.

या काचवाल्याच्या बायकोबद्दल एलियट जे सांगते ते तुमच्या मुलांच्या गाईडमध्ये नसेल: ही बाई सद्हेतूची, खोटं बोलण्याची सवय नसलेली, गावातलं सगळ्यांत स्वच्छ घर ठेवणाऱ्यांपैकी. लेखिकेने हे विनोदासाठी घातलं असेल असं वाटेल, आणि विनोद आहेच. पण सगळी कादंबरी इथे उभी आहे. या अध्यायात खोटं बोलणारं एकही माणूस नाही, आणि तरी एक पक्कं, साक्षीपुराव्यासकट खोटं तयार होतं. 'गावकरी अडाणी होते' हे उत्तर इथे कोसळतं, कारण बाळ्यांचा प्रश्न अडाण्याने विचारलेला नाही आणि त्याचं उत्तर दुष्टाने दिलेलं नाही.

हे मुलांना सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. मी करायचो तो प्रयोग सांगतो. विद्यापीठाकडून तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येऊन गेले की आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात सहज विचारायचं, "अरे, त्या सरांच्या हातात अंगठी होती का रे?" कारण सांगायचं नाही, फक्त चेहरा जरा गंभीर ठेवायचा. आधी शांतता. मग मागून एक आवाज, "होती ना सर. पिवया खड्याची." दुसरा लगेच, "पुष्कराज होय तो. माया समोरच तं बसले होते." एखादी मुलगी म्हणते, दोन होत्या. पाच मिनिटांत त्या परीक्षकांच्या बोटांत इतका ऐवज जमतो की विद्यापीठाच्या मानधनात तो बसायचा नाही. मग सांगायचं की मी त्यांच्याबरोबर दिवसभर होतो, बोटं मोकळी होती. आणि पुस्तक उघडायचं: अध्याय आठवा.

या खेळात पथ्य एकच. माणूस निवडताना ज्याला झळ पोचणार नाही असाच निवडा. खरा चादरीवाला, खरा बहुरूपी, फाटकाशी बसणारी बांगडीवाली यांच्याबद्दल असा प्रश्न वर्गात टाकलात, तर तास संपल्यावर तो प्रश्न टपरीवर जाईल आणि तिथून गावात. परीक्षकांना काही होत नाही.

यानंतर राईनपाड्याचं सांगा. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी पाच माणसं तिथे जमावाने मारून टाकली. पोरं पळवणारी टोळी हिंडतेय अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. मुलं म्हणतील, सर, ते व्हॉट्सअॅपमुळे झालं. त्यांना आठवण करून द्या, की रॅव्हेलोत वीज नव्हती, तार नव्हती, बाळ्यांचा निरोप पायी फिरला आणि एका दिवसात पुरा झाला. मोबाइलने वेग वाढवला, पण कृती जुनीच: 'तुमच्याकडे असे कुणी दिसले का?' असा प्रश्न, आणि प्रश्नातच दडलेलं वर्णन.

राईनपाडा आपल्यापासून लांब आहे, म्हणून त्याबद्दल हळहळायला सोपं जातं. तेव्हा तिथे न थांबता मुलांना त्यांच्या वावरात आणा. विहिरीवरची केबल चोरीला गेली, स्टार्टर गेला, घरात रचलेला कापूस कमी भरला. गावात पहिलं नाव कुणाचं निघतं? वर्गात खाली माना जातात, कारण सगळ्यांना माहीत असतं. आता पुढचा प्रश्न: रात्रीच्या अंधारात कोणत्या विहिरीवर नवी केबल आहे, त्या घरचं माणूस जागलीला कधी नसतं, भंगारवाल्याकडे कुणाची ओळख आहे, हे सगळं कुणाला माहीत असतं? इथे कुणी नाव घेऊ नये, हे आधीच सांगून ठेवा. नाव घेण्याची गरजही नसते.

आणि मग डन्स्टन. माझ्या मते याच जागी उत्तरपत्रिकेतला अर्धा प्रश्न कोराच राहतो. डन्स्टन उधळ्या आहे, जुगारी आहे, दारू पितो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. चोरीच्या दिवशी तो भावाचा घोडा विकायला बाहेर पडला आणि घोडा मारून बसला. चोरी झाली त्याच रात्रीपासून तो गायब आहे. त्याचा रस्ता खदानीवरूनच जातो. एवढं सगळं समोर असून दोन गोष्टी कुणी जोडत नाही. तो आधीही असाच निघून गेला होता, येईल परत, एवढ्यावर गाव विषय सोडून देतं. कॅसांच्या घरचा मुलगा आणि चोरी हे दोन शब्द एका वाक्यात येतच नाहीत. मी वर्गात स्क्वायरला सरळ मालगुजार म्हणायचो, मग वेगळं काही सांगावं लागत नसे. विनापुरावा संशय घेणं ही पूर्वग्रहाची एक बाजू. पुरावा असूनही संशय न येणं ही दुसरी, आणि ती जास्त भक्कम असते, कारण तिचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून ती कुणाला दिसत नाही.

एका वर्षी पहिल्या बाकावरच्या, घरची बरी शेती असलेल्या मुलाने मला विचारलं, "पण सर, फेरीवाला चोर नव्हता हे गावाला कसं मालूम? असूही शकला असता." प्रश्न उत्तम आहे, तुमच्याही वर्गात येईल, आणि त्याला दटावू नका. असू शकला असता. डबी सापडल्यावर त्याची चौकशी करायलाच हवी होती. गोष्ट क्रमाची आहे. आधी डबी, मग डबी कुणाची याचा शोध, हा तपास झाला. आधी माणूस, मग त्याला शोभेल असा रंग, नजर आणि बाळ्या, ही उलटी गंगा. रॅव्हेलोत एकच दिवस लागतो सुलट्याचं उलटं व्हायला, आणि वळण नेमकं पाद्रीसाहेबांच्या प्रश्नापाशी आहे. मुलांना पेन्सिलीने त्या ओळीखाली रेघ मारायला लावा.

आता सातव्या अध्यायाकडे मागे या. मुद्दाम उलट्या क्रमाने सांगतोय, कारण आठवा वाचल्यावर सातव्याचं मोल कळतं. चोरी कळल्यावर सायलस पावसात भिजत गुत्त्यात शिरतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो गावाकडे काही मागायला आलेला असतो. शिरल्या शिरल्या तो एका माणसाकडे वळतो आणि म्हणतो, माझे पैसे तू घेतले असशील तर परत दे. तो माणूस जेम रॉडनी. का जेम? जेम चोरून शिकार करतो हे गावाला माहीत आहे, त्याचं नाव तसंही चांगलं नाही, आणि चिलीम पेटवायला म्हणून तो सायलसच्या शेकोटीपाशी घुटमळून गेलेला आहे. म्हणजे परका, आळ सोसलेला, गावाबाहेर राहणारा माणूससुद्धा संकट आलं की सगळ्यांत सोप्या माणसाकडे बोट दाखवतो. आणि आपल्या भागात कोणी वाचत असेल तर त्याला हेही टोचावं, की तो सोपा माणूस शिकारी आहे, पारध्यांसारखाच.

पुढच्या काही ओळींत जे होतं ते मला या कादंबरीतलं सर्वांत मोठं वाटतं, एप्पी येण्यापेक्षाही मोठं. गावातला म्हातारा कारकून मेसी म्हणतो, निरपराध्यावर आळ घेऊ नको. सायलसला लँटर्न यार्ड आठवतं. तो जेमजवळ जातो, त्याच्या तोंडाकडे बघतो आणि सांगतो, माझं चुकलं, तुझ्याविरुद्ध काहीच पुरावा नाही, तू माझ्या घरी इतरांपेक्षा जास्त वेळा आला होतास म्हणून तुझं नाव मनात आलं. मी कुणावरच आळ घेत नाही. आळ मागे घेणारा या पुस्तकात हा एकटाच. पाद्री घेत नाहीत, स्नेल घेत नाही, काचवाल्याची बायको घेत नाही. पूर्वग्रह म्हणजे काय याची व्याख्या मुलं पाठ करतात. तो कसा उतरवायचा याचं प्रात्यक्षिक इथे आहे: 'नाव मनात का आलं' हे स्वतःला विचारायचं आणि चारचौघांत कबूल करायचं.

पण मॅडम, इथे सायलसला संत करू नका, एलियटने केलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी फेरीवाल्याचं नाव निघतं आणि हाच सायलस ते घट्ट धरून बसतो. फेरीवाला माझ्या दारात आला होता, काही नको म्हटल्यावर लगेच गेला, एवढंच तो खरं सांगतो. तरी चोर तोच असावा असं त्याला वाटत राहतं, कारण मग निदान सोनं कुठे आहे याचं काहीतरी चित्र डोळ्यांसमोर येतं. जेमला माफी मिळाली, कारण जेम समोर बसलेला होता, त्याला तोंड होतं. फेरीवाल्याला तोंड नाही. पूर्ण कादंबरीत तो एकदाही समोर येत नाही, एक वाक्य बोलत नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते दुसऱ्यांच्या आठवणींतून. जमीनदाराचा थोरला मुलगा गॉडफ्री म्हणतो की तो बरा हसतमुख माणूस होता. तर तरुण पोराचं उथळ बोलणं म्हणून गाव ते उडवून लावतं. सोळा वर्षांनी डन्स्टनचा सापळा आणि सोनं मिळाल्यावर फेरीवाला निर्दोष ठरतो, पण तसं म्हणायला कुणी जात नाही. लेखिकाही जात नाही.

'प्रेमाने मन जिंकलं' या उत्तराचं काय करायचं? ते खोटं नाही, पण त्यातून हिशेब गळतो. गावाचं मन पोर येण्याआधीच वळायला लागलेलं आहे, आणि वळण्याचं कारण मजेशीर आहे: ज्याला स्वतःचं सोनं राखता आलं नाही तो कसला मांत्रिक! लुटला गेल्यावर सायलस धोकादायक राहत नाही, बिचारा होतो. मग डुकराच्या मांसाचे वाटे घरी येतात, मेसी येऊन उपदेश करून जातो, डॉली विन्थ्रॉप लार्ड-केक घेऊन येते. (डॉलीबद्दल एक वेगळं उत्तर लिहावं लागेल, ती एकटीच अशी आहे की जी समजलं नाही तरी येत राहते.) पुढे पोरीचा बाप्तिस्मा, चर्चला जाणं, लोकांच्या सल्ल्याने चिलीम ओढणं असं करत करत तो गावचा होतो. स्वीकार झाला, पण गावाच्या अटींवर. आणि जिच्या पोटची ती पोर, ती मॉली बर्फात मरून पडते. गावाच्या लेखी ती कोण कुठली भटकी बाई. तिच्याशी चोरून लग्न केलेला नवरा गॉडफ्री तिथे उभा असतो आणि गप्प राहतो. एकाच गावात तीन परके आले, त्यातला एक सामावला. मुलांनी उत्तरात बाकी दोघांची नावं लिहिली तर मी मोकळ्या हाताने मार्क देत असे.

बेड्यावरच्या मुलांचा तुमचा प्रश्न मी मुद्दाम इथवर ठेवला. विषय काढा. टाळलात तर त्यांना कळतंच की का टाळला. पण त्यांना उभं करून 'तुझा अनुभव सांग' असं कधीही म्हणू नका. आपल्याला तो सहृदयपणा वाटतो, त्यांना ती हजेरी वाटते, आणि हजेरीचा त्यांच्या घरात इतिहास आहे. कादंबरी छापल्यावर दहाच वर्षांनी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कुणीतरी काही केलं म्हणून नव्हे, तर अमुक जमातीत जन्मला म्हणून नोंद, पोलिसांपुढे हजेरी, परवानगीशिवाय हलायला बंदी. रॅव्हेलोत जे गुत्त्यातल्या गप्पांत होतं ते इथे सरकारी कागदावर आलं. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणून ती तारीख विमुक्त दिन. पण गावाच्या डोक्यातली नोंद कागदाबरोबर रद्द झाली नाही. हे तुम्ही सांगा, इतिहासाची माहिती म्हणून, सगळ्या वर्गाकडे बघत, नेहमीच्या आवाजात. आवाज हळवा करू नका आणि त्या बाकाकडे बघू नका.

प्रश्न विचारायचे ते बाकीच्यांना. केबल कुणाची गेली, पहिलं नाव का निघालं, याचं उत्तर ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी द्यायचं आहे. ज्यांच्यावर आळ येतो त्यांनी खुलासा करायचा आणि ज्यांच्याकडून येतो त्यांनी तो ऐकून सुस्कारा टाकायचा, ही रीत वर्गात तरी मोडा. त्यांच्यापैकी कुणाला बोलावंसं वाटलं तर तो स्वतः बोलेल. बहुतेक वेळा तास संपल्यावर, व्हरांड्यात, दुसऱ्याच कसल्या तरी निमित्ताने. तेव्हा घाई नसावी, एवढं बघा. लायब्ररीत लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' असेलच, साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक आहे. ते अभ्यासक्रमाबाहेरचं वाचन म्हणून सगळ्या वर्गाला सुचवा. एलियटच्या पुस्तकात जो बोलत नाही त्याच्या बाजूने लिहिलेलं ते आहे, आणि ही दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावर मुलं जे लिहितात ते गाईडमधून येऊ शकत नाही.

लेखिकेच्या चरित्रावर वेळ घालवू नका. तिचं खरं नाव मेरी अॅन इव्हान्स, पुरुषाचं नाव घेऊन लिहायची, लग्न झालेल्या माणसासोबत राहिली म्हणून लोकांनी आणि सख्ख्या भावानेही संबंध तोडले, एवढं दोन मिनिटांत होतं. ते कळल्यावर बाळ्यांचं प्रकरण इतकं बारकाईने कुठून आलं असेल याचा अंदाज मुलं आपणच बांधतात.

परीक्षेचं विचारलंत तर मुलांना एवढं सांगा: उत्तराची सुरुवात 'अंधश्रद्धा' या शब्दाने करायची नाही, चकमकीच्या डबीने करायची, तिथून डन्स्टनकडे जायचं, मग जेमच्या माफीकडे, आणि एप्पीला शेवटचा एक परिच्छेद पुरे. तपासणारा कितीही कंटाळलेला असला तरी त्या गठ्ठ्यात हे उत्तर वेगळं दिसतं. आणि अंगठीचा खेळ आठवा अध्याय वाचायच्या आधीच घ्या. नंतर घेतलात तर पोरं सावध झालेली असतात आणि परीक्षकांच्या बोटात काहीच सापडत नाही.